मेस्त्रीमामा, कॅम कुठला घालू?

प्रश्न : मामा, नमस्कार. माझ्याकडे २००२ची होंडा सिटी दीड लिटर व्हीटेक आहे, कोल्हापूर पासिंग. रोज खानापूर ते उद्यमबाग कामाला जातो, रविवारी चोर्ला घाट. आमच्या पोरांत हीच स्पोर्ट्स कार! पण वरच्या आरपीएमला पहिल्यासारखी ओढत नाही, म्हणून परफॉर्मन्स कॅमशाफ्ट घालावा म्हणतोय. एक जण माझाच कॅम घासून ‘२८० डिग्री’ करून देतो म्हणतोय, स्वस्तात. दुसरा तयार मिळतोय, कागदावर ‘१ मिलिमीटर लिफ्टला २२० डिग्री’ लिहिलंय. कुठला घेऊ? वय २४.
— एक वाचक, खानापूर

उत्तर : वय लिहिलंस ते बरं केलंस, अरे-तुरे करायला मोकळा झालो.

आधी सांग, तुझं व्हीटेक लागतंय तरी काय? कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, लोब म्हणजे त्याच्यावरचे उंचवटे. होंडानं तुझ्या शाफ्टवर इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हना, दोन तऱ्हेचे लोब दिलेत. खालच्या आरपीएमला छोटे लोब चालतात. वर गेल्यावर ऑइलच्या प्रेशरनं पिन सरकते, रॉकर (लोबचा धक्का व्हॉल्व्हला देणारे दांडे) एकमेकांत अडकतात आणि मधला मोठा लोब काम घेतो. म्हणजे तापट कॅम गाडीत आधीपासून आहे की! ऑइल कमी असलं, हे ऑइल सोडणाऱ्या सोलेनॉइडची जाळी चोंदली किंवा वायर सुटली, की मोठा लोब नुसताच फिरत बसतो. मग गाडी वर ओढणार कुठून? जाळी, ऑइल, व्हॉल्व्ह क्लिअरन्स बघ. टायमिंग बेल्ट एक दात सरकलाय का तेही बघ. चोर्ला उतरून गोव्यात गेल्यावर गाडी जरा हुशार वाटत असेल, तर तो हवेचा गुण. बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर, इथली हवा विरळ.

आता तुझे दोन कॅम. डिग्री म्हणजे इंजिन किती फिरेपर्यंत व्हॉल्व्ह उघडा राहतो ते, लिफ्ट म्हणजे तो किती उघडतो ते. २८० मोठा आणि २२० छोटा, असं धरू नकोस. एकानं भात पायलीनं मोजलंय, दुसऱ्यानं किलोनं. व्हॉल्व्ह जरा हलल्यापासून मोजलं तर आकडा फुगतो, १ मिलिमीटर उघडल्यापासून मोजलं तर आटतो. किती लिफ्टपासून मोजलं हे घासणाऱ्याला विचार. सांगता आलं नाही तर त्याचा चहा पी आणि घरी ये. घासून लोबचं टोक वाढत नाही, खालचा गोल भाग बारीक करावा लागतो. त्यात वरची कडक साल गेली की लोब रॉकरखाली झिजायला लागतो.

माझीच गोष्ट सांगतो. १९९८मध्ये मी माझ्या एस्टीमला असाच दांडगा कॅम घातला. हायवेला संकेश्वरपर्यंत राजा! पण टिळकवाडीच्या दुसऱ्या रेल्वे गेटला उभा राहिलो की इंजिन गडगडायचं, बंद पडायचं आणि ब्रेकचं पेडल लाकडासारखं. कारण साधं. असल्या कॅममध्ये इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ एकदम उघडे राहतात. आयडलला, म्हणजे गाडी उभी राहून इंजिन नुसतं चालू असताना, जळका धूर उलटा इनटेकमध्ये येतो, तिथला व्हॅक्यूम पडतो, आणि ब्रेकचं पेडल हलकं करणारा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. बायको दोन महिने गाडीत बसली नाही. शेवटी जुनाच कॅम परत घातला. ट्विन कॅमच्या इंजिनात पुली फिरवून थोडंफार सावरता येतं. तुझ्यात सगळे लोब एकाच शाफ्टवर, तीही सोय नाही.

जाळी साफ करूनही हौस फिटली नाही, तर दुसऱ्या कॅमवाल्याला एवढंच विचार : छोटे लोब कंपनीच्या मापाचे आहेत काय? फक्त मोठा लोब वाढवला असेल तर घे, गेटला त्रास होणार नाही. छोटेही वाढवले असतील तर सोड. घेतलास तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह आपटत नाहीत ना ते बघ : इनटेकचे रॉकर एकमेकांत अडकवून घे (हातानं फिरवताना ऑइलचं प्रेशर नसतं, मोठा लोब आपणहून काम घेत नाही), पिस्टनवर प्लॅस्टिसिन (खेळायची माती) ठेवून इंजिन हातानं दोन फेरे फिरव आणि दाबलेल्या थराची जाडी मोज. इनटेकला दोन मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर बसवू नकोस. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बघाव्या लागतील, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ट्यून करायला लागेल. कॅमएवढाच खर्च त्यातही धर. शिवाय पीयूसीला आयडलवरच धूर मोजतात, तेव्हा आयडल बिघडला की तिथंही अडशील.

आणि जाळी काढशील तेव्हा गॅस्केट नवीन घाल. जुनंच दाबून बसवलंस तर चार दिवसांत तिथनं ऑइल गळेल.