नाव तेच, माल मात्र वेगळा: जुन्या विश्वासाच्या दुकानाशी आता कसं वागावं?

तुम्ही विचारलंय की ज्या दुकानातून घरातल्या सगळ्यांनी वर्षानुवर्षं डोळे झाकून खरेदी केली, तिथले टॉवेल आणि चादरी आता वर्षभरही टिकत नाहीत आणि तक्रार घेऊन गेलं तर कुणी धड बोलत नाही. हे मुद्दाम केलं जातं का, की आपल्यालाच जुनं ते सोनं वाटतं? आणि त्या दुकानात परत जावं का?

जुनं ते सोनं वाटण्याचा भाग थोडा असतोच, पण तुम्ही जे सांगताय ते तेवढ्यावर भागत नाही. मी बराच काळ एका मोठ्या साखळी दुकानाच्या खरेदी विभागात काम केलं आहे, तेही घरगुती कापडाच्याच. त्यामुळे तुमच्या टॉवेलपासूनच सुरुवात करते.

‘चला, आता खराब माल विकू’ असं कुणीही ठरवत नाही. ठरतं ते असं: यंदा मार्जिन वाढवायचं आहे, विक्रीचा भाव वाढवला तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, मग पुरवठादाराला विचारायचं की याच टॉवेलचा दर थोडा खाली कसा येईल. तो नवा नमुना पाठवतो. टेबलावर दोन टॉवेल ठेवतात, सध्या विकला जाणारा आणि नवा. सगळे हात फिरवून बघतात. फरक फारसा जाणवत नाही, कारण तो खरोखरच थोडा असतो. सही होते. पुढच्या वर्षी हाच नवा टॉवेल ‘सध्याचा’ झालेला असतो आणि त्याच्या शेजारी आणखी एक नवा येतो. ज्या टॉवेलमुळे दुकानाचं नाव झालं तो त्या टेबलावर कधीच नसतो. तो कुणी जपून ठेवलेला नसतो, आणि ज्यांनी तो निवडला होता ती माणसंही बहुतेक नोकरी सोडून गेलेली असतात. एकेका सहीत चूक दाखवता येत नाही, पण सगळ्या सह्या मिळून माल पार बदलून गेलेला असतो.

आता नेमकं बदलतं काय? टॉवेलची घनता जीएसएममध्ये मोजतात, म्हणजे चौरस मीटरला किती ग्रॅम. 70 बाय 140 सेंटीमीटरचा 600 जीएसएमचा टॉवेल साधारण 590 ग्रॅम भरतो, 450 जीएसएमचा 440 ग्रॅम. दीडशे ग्रॅम सूत गेलं, तरी घडी घालून फळीवर ठेवला की दोन्ही सारखेच दिसतात. मग कोम्ब्ड, म्हणजे विंचरून आखूड तंतू काढलेलं सूत जाऊन साधं, न विंचरलेलं कार्डेड सूत येतं. त्यात आखूड तंतू जास्त, ते धुताना गळत राहतात. काठाची दुमड अरुंद होते, इंचातले टाके कमी होतात. आणि हे हाताला कळू नये म्हणून शेवटच्या प्रक्रियेत सिलिकॉनचं सॉफ्टनर जरा जास्त मारलं जातं. दुकानात टॉवेल छान मऊ लागतो, घरी आणल्यावर पाणी टिपत नाही, आणि थोड्या धुण्यांत सॉफ्टनर निघून गेलं की खरा टॉवेल दिसतो. लेबलवर ‘100 टक्के कॉटन’ तेव्हाही होतं, आजही आहे, आणि त्यात खोटं काहीच नाही. माझा राग आहे तो नेमका यावर. गिऱ्हाईक ज्या गोष्टी दुकानात उभं राहून तपासू शकत नाही, तिथेच कात्री लागते.

अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली याच अडचणीवर एक निबंध लिहिला, आणि 2001 मध्ये त्यांना जे नोबेल मिळालं ते मुख्यतः त्या कामासाठी. विकणाऱ्याला मालाची खरी प्रत ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. अशा बाजारात वाईट माल चांगल्याला बाहेर ढकलतो, असं त्यांनी दाखवलं. त्यावरचा एक उपाय म्हणजे नाव. दुकानाचं नाव म्हणजे ‘तुम्हाला तपासता येत नाही ते आम्ही तपासलंय’ हे आश्वासन. म्हणून आपण तिथे चार पैसे जास्तही देतो. आता या नावाची गंमत बघा. ते कमवायला वीस-तीस वर्षं लागतात आणि ते संपतंय हे गिऱ्हाइकाला कळायलाही दोन-चार वर्षं जातात. त्या मधल्या काळात खर्च कमी झालेला असतो, विक्री मात्र जुन्या नावावर तशीच चालू असते. ताळेबंदात ही वर्षं फार सुंदर दिसतात. निर्णय घेणाऱ्याला बढती मिळते ती याच वर्षांत.

सेवेचंही तेच. अमेरिकेतलं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. सर्किट सिटी ही इलेक्ट्रॉनिक वस्तूंची मोठी साखळी. मार्च 2007 मध्ये त्यांनी सुमारे 3,400 विक्री कर्मचाऱ्यांना एका झटक्यात घरी पाठवलं. काम वाईट होतं म्हणून नाही. त्यांचा पगार बाजारभावापेक्षा जास्त आहे, एवढंच कारण दिलं, आणि त्यांच्या जागी कमी पगाराची माणसं घ्यायचं ठरवलं. जास्त पगार कुणाला असतो? जो जुना आहे, ज्याला टीव्हीतलं कळतं, ज्याच्याकडे गिऱ्हाईक नाव घेऊन येतं त्याला. म्हणजे दुकानात जाण्याचं जे कारण होतं तेच त्यांनी काढून टाकलं. नोव्हेंबर 2008 मध्ये कंपनीनं दिवाळखोरी जाहीर केली आणि 2009 च्या मार्चपर्यंत दुकानं बंद झाली. मंदी होती, स्पर्धा होती, सगळं खरं. पण त्याच मंदीत त्यांची थेट स्पर्धक बेस्ट बाय तगली.

होम डेपोचं उदाहरण वेगळं आहे, आणि ते मुद्दाम सांगते, कारण घसरण झाली की दुकान बुडतंच असं नाही. रॉबर्ट नार्डेली 2000 च्या अखेरीस तिथे प्रमुख झाले. हत्यारं, नळ, लाकूड विकणाऱ्या या दुकानात पूर्वी कसबी माणसं पूर्णवेळ कामाला असायची आणि काय कसं बसवायचं ते समजावून सांगायची. नार्डेलींच्या काळात अर्धवेळ कर्मचाऱ्यांचं प्रमाण वाढवलं गेलं. विक्री 2000 मधल्या सुमारे 46 अब्ज डॉलरवरून 2005 मध्ये 81 अब्जांच्या वर गेली. आणि त्याच 2005 साली अमेरिकेच्या ग्राहक समाधान निर्देशांकात होम डेपो मोठ्या दुकानांमध्ये तळाला होती. म्हणून ‘एवढं वाईट असतं तर दुकान चाललं असतं का?’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. आकडे वर आणि गिऱ्हाईक नाराज, हे बराच काळ एकत्र नांदू शकतं.

तक्रारीच्या काउंटरवर कुणी धड बोलत नाही, हे तुम्ही लिहिलंय ते मला मालाच्या घसरणीपेक्षाही महत्त्वाचं वाटतं. चांगल्या काळात त्या काउंटरवरच्या माणसाला अधिकार असतो. तो वस्तू हातात घेतो, उलटीपालटी करून बघतो आणि ‘बदलून देतो’ म्हणतो. खर्च आवळायला लागला की पहिल्यांदा हा अधिकार काढून घेतात. आता त्याला वरून मंजुरी लागते, वरचा माणूस दुसऱ्या इमारतीत, आणि फोनवरच्या माणसाचं मोजमाप एका फोनला किती मिनिटं लावली यावर. त्याला तुमचं काम करायचं नसतं असं नाही, त्याच्या हातात ते ठेवलेलंच नसतं. म्हणून त्याच्यावर ओरडू नका. आणि कोणतंही दुकान ओळखायचं असेल तर मी हीच खूण सांगेन: समोर उभ्या असलेल्या माणसाला काही ठरवता येतं का? येत असेल तर दुकानात अजून जीव आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे काउंटरवरच्या माणसाला टार्गेट देऊन तुमच्याविरुद्ध उभं करणं. सिअर्स हे अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्यांच्या भरवशाचं दुकान होतं. 1992 मध्ये कॅलिफोर्नियाच्या ग्राहक विभागानं त्यांच्या गाडी दुरुस्ती केंद्रांवर आरोप ठेवला की नको असलेली दुरुस्ती लोकांच्या गळ्यात मारली जाते. मुळाशी होती कमिशनची आणि ठरावीक विक्रीच्या सक्तीची पद्धत. टीका झाल्यावर सिअर्सनं ती पद्धत बंद केली, पण झालेलं नुकसान पुसता येत नाही.

एक गोष्ट दुकानाच्या बाजूनंही सांगायला हवी. एल. एल. बीन ही अमेरिकेतली बूट-कपडे विकणारी कंपनी कधीही, कितीही जुनी वस्तू परत घ्यायची. सुरुवातच तशी झाली होती: 1912 मध्ये विकलेल्या पहिल्या 100 जोड बुटांपैकी 90 शिवण उसवून परत आले आणि मालकानं सगळ्यांचे पैसे परत केले. फेब्रुवारी 2018 मध्ये मात्र त्यांनी ही मुदत एक वर्षावर आणली आणि बिल दाखवण्याची अट घातली, कारण लोक भंगारातून उचललेल्या वस्तूही परत करायला आणत होते. पाच वर्षांत याचा भुर्दंड 25 कोटी डॉलर बसल्याचं कंपनीनं सांगितलं. तेव्हा नियम कडक झाला म्हणजे नियत फिरलीच, असं नसतं. कारण उघडपणे सांगितलं का आणि खरा दोष असलेली वस्तू आजही घेतात का, हे बघायचं.

आता तुम्ही काय करायचं. दुकानावरचा सरसकट विश्वास काढा आणि वस्तूगणिक ठरवा. सगळे विभाग एकदम घसरत नाहीत. सहसा आधी घसरतो तो दुकानाच्या स्वतःच्या नावाचा माल, कारण तिथे प्रत किती ठेवायची हे दुकानच ठरवतं. चार दुकानांत मिळणारा बाहेरच्या कंपनीचा माल त्या मानानं सुरक्षित, फक्त मॉडेल नंबर ताडून बघा. काही वेळा एखाद्या साखळीसाठी किंवा सेलसाठी कंपन्या मुद्दाम वेगळं, हलकं मॉडेल काढतात, दिसायला तेच आणि नंबरात एखादं अक्षर वेगळं. टॉवेल-चादरी घ्यायच्याच असतील तर आधी एकच घ्या, तीन-चारदा धुवा, मग बाकीच्या घ्या. जुना चांगला टॉवेल घरात असेल तर दोन्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. मी वर सांगितलेला फरक तिथे लगेच दिसेल.

आणि तक्रार करा. ‘काय उपयोग?’ असं तुम्ही लिहिलंय, तर उपयोग कसा होतो ते आतून सांगते. परत आलेल्या प्रत्येक वस्तूमागे काउंटरवर एक कारण निवडलं जातं: माप चुकलं, आवडलं नाही, दोष आहे, वगैरे. खरेदी विभागाकडे महिन्याला याच कारणांची बेरीज येते, तुमची हकिकत येत नाही. घाईत असलेला कर्मचारी ‘आवडलं नाही’ टाकतो, कारण त्यात प्रश्न कमी येतात, आणि मग तुमचा विरलेला टॉवेल आमच्या कागदावर कधी दिसतच नाही. म्हणून तिथेच विनंती करा की कारण ‘दोष’ असंच नोंदवा, आणि पावतीवर ते वाचून घ्या. लेखी तक्रारीत बिल, वस्तूचा कोड, लेबलवरचा बॅच नंबर, दोन स्पष्ट फोटो आणि एकच मागणी: पैसे परत किंवा बदली. लांबलचक नाराजी लिहिली की मागणी हरवते. दोषाचं प्रमाण वाढलं की पुरवठादाराला जाब विचारावाच लागतो, हे मी स्वतः होताना पाहिलं आहे. जे गिऱ्हाईक गुपचूप दुसरीकडे जातं, त्याच्यासाठी मात्र आमच्याकडे कुठलाच रकाना नव्हता.

परत जावं का? सुधारणा होऊ शकते, हे बेस्ट बायनं दाखवलं. 2012 मध्ये तीही डबघाईला आली आहे असंच सगळे धरून चालले होते. नवे प्रमुख ह्युबेर जोली यांनी सुरुवातीचे दिवस मिनेसोटातल्या एका दुकानात काम करत घालवले, कर्मचाऱ्यांची कापलेली सवलत परत दिली, त्यांच्या प्रशिक्षणावर खर्च केला आणि ऑनलाइन दुकानांच्या भावाशी बरोबरी करण्याची हमी दिली. दुकान सावरलं. तेव्हा तुमच्या दुकानात नवी रंगरंगोटी किंवा नवा लोगो दिसला तर त्यावर जाऊ नका. मागच्या वर्षी पाहिलेले चेहरे यंदाही काउंटरवर आहेत का, आणि त्यांना मालातलं काही विचारलं तर सांगता येतं का, हे बघा. तसं दिसलं तर एखादी छोटी वस्तू घेऊन पुन्हा सुरुवात करा. तोवर टॉवेल आणि चादरी दुसरीकडून घ्या, आणि तिथेही बिल जपून ठेवा.