माडीवरचा रॅक आणि उडणारी सुई

प्रश्न : फोंड्याजवळच्या आमच्या जुन्या चिऱ्याच्या घरात माडीवर, लाकडी तक्तपोशीवर, टर्नटेबल, अँप्लिफायर आणि सीडी प्लेयर एका टेबलावर मांडलेले आहेत. वडिलांनी जमवलेल्या नाट्यसंगीताच्या व ख्यालगायनाच्या सुमारे २०० लाँगप्ले तबकड्याही आहेत. खोलीतून कोणी चालत गेले की सुई उडते. या सर्वांसाठी स्वतः रॅक बनवण्याचा विचार आहे. लाकूड कोणते वापरावे, आणि रॅकला अणकुचीदार पाय लावल्यास सुई उडणे थांबेल का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपला शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण रॅकची सगळी आखणी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे. अणकुचीदार पायांनी सुई उडणे थांबणार नाही. पाऊल पडले की तुळयांवरची तक्तपोशी लवते आणि तिच्यावर उभा असलेला रॅक, त्याचे पाय टोकदार असोत वा सपाट, तिच्याबरोबर झुलतो. रॅक जितका उंच, तितका त्याच्या माथ्याचा झोका मोठा, आणि टर्नटेबल बहुधा नेमके माथ्यावरच ठेवले जाते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की टर्नटेबल रॅकवर ठेवूच नये, त्याच्यासाठी भिंतीवर स्वतंत्र फळी करावी. चिऱ्याची जाड भिंत पावलांनी हलत नाही, हे आपल्या जुन्या घरांचे भाग्यच आहे.

भिंत मात्र आतली निवडावी, कारण बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते. जुना चुन्याचा गिलावा जाड असतो आणि चिरा सच्छिद्र, त्यामुळे अँकर बोल्ट गिलावा ओलांडून चिऱ्यात सात-आठ सेंटिमीटर शिरेल एवढा लांब घ्यावा. ड्रिलचा हॅमर बंद ठेवून सावकाश भोक पाडावे. पांढरी पूड संपून तांबडी येऊ लागली की चिरा लागला असे समजावे, पण ड्रिल एकाएकी हलके जाऊ लागले तर तो दोन चिऱ्यांमधला सांधा आहे, तेव्हा जागा बदलावी. ब्रॅकेटवरील फळीवर बुचाच्या पातळ चकत्या आणि त्यांच्यावर ५० बाय ४० सेंटिमीटरचा, २ सेंटिमीटर जाडीचा कडाप्पा ठेवावा. त्याचे वजन सुमारे ११ किलो भरते, हे ब्रॅकेट निवडताना लक्षात असू द्यावे.

आता रॅक. जुने, मुरलेले सागवान हाताशी असेल तर त्याच्यासारखे दुसरे काही नाही. नसेल तर आयएस ७१० शिक्क्याचे १८ मिलिमीटरचे मरीन प्लायवुड घ्यावे आणि कापलेल्या कडेला थरांमध्ये पोकळ जागा दिसत नाहीत ना, हे दुकानातच पाहावे. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला तक्ता) घेऊ नये. माझा पहिला रॅक एमडीएफचा होता. दुसऱ्याच पावसाळ्यात त्याच्या कडा फुगल्या आणि स्क्रूंची पकड सुटली. प्लायच्याही सर्व कडा, भोकांच्या आतल्या बाजूसुद्धा, वॉर्निशने बंद कराव्यात.

सुताराच्या सांध्यांचा सराव नसेल तर १२ मिलिमीटर जाडीच्या चार स्टेनलेस स्टीलच्या आटेदार सळ्यांवर फळ्या बसवणे सर्वांत सोपे. प्रत्येक फळीच्या चारही कोपऱ्यांत १३ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि वर-खाली वायसर व नट लावून ती आवळावी. चारही फळ्या एकावर एक शिकंज्यात धरून भोके एकदमच पाडली तर सळ्या तिरक्या जात नाहीत. साध्या लोखंडाच्या सळ्या आपल्याकडच्या दमट हवेत लवकर गंजतात. उपकरणे साधारण ४३ सेंटिमीटर रुंद असतात, म्हणून सळ्यांमध्ये ५० सेंटिमीटर अंतर पुरते. हौसेने फार रुंद रॅक करू नये : फळीचा झोल अंतराच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणजे तेच वजन मधोमध असता ५० ऐवजी १०० सेंटिमीटरवर तो आठपट होतो. उंचीही ७५ सेंटिमीटरच्या आत ठेवावी, कारण अशा रॅकला आडवे आधार नसल्यामुळे तो उंच झाला की डुलतो.

अँप्लिफायर जड असल्यामुळे त्याला तळाशी ठेवण्याचा मोह होतो आणि तो योग्यही आहे, पण त्याच्यावर किमान १५ सेंटिमीटर मोकळी जागा हवी. पाठीमागे फळी ठोकून रॅक बंद करू नये. टर्नटेबलच्या अगदी खाली तर अँप्लिफायर नकोच, कारण त्याच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण कार्ट्रिजमध्ये, म्हणजे सुई बसवलेल्या भागात, उतरते. विजेच्या वायरी एका बाजूने आणि सिग्नलच्या दुसऱ्या बाजूने न्याव्यात. एकमेकींना ओलांडायचेच झाले तर काटकोनात ओलांडू द्यावे.

तबकड्यांचे वजन वेष्टनासह ५० किलोच्या आसपास जाईल. त्यांच्यासाठी ३४ सेंटिमीटर उंचीच्या कप्प्यांचे वेगळे कपाट करून, तुळयांची टोके ज्या भिंतीत शिरतात तिच्यालगत, पण तिला न टेकवता, ठेवावे आणि तबकड्या उभ्याच लावाव्यात.

टर्नटेबलची पातळी पाणसळ थेट थाळीवर ठेवून, आधी लांबीत आणि मग रुंदीत, तपासावी. फळीचे लाकूड पावसात फुगते आणि नंतर आकसते, तेव्हा ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा एकदा पाहावी.