जुन्या साध्या वस्तू खरंच जास्त टिकतात, की हे आपलं ‘जुनं ते सोनं’?

टिकतात. पण भक्कम असतात म्हणून नव्हे. आधी काय बिघडणार हे त्यांच्यात ठरलेलं असतं आणि नेमका तोच भाग स्वस्तात बदलता येतो, म्हणून.

ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या घरात हॉलमध्ये बाबांनी घेतलेला सीलिंग फॅन अजून फिरतोय. त्यात इंडक्शन मोटर असते. मिक्सरच्या मोटरसारखे झिजणारे कार्बन ब्रश नाहीत, कारण फिरणाऱ्या भागाला वीज जोडलेलीच नसते. वाइंडिंग आत स्थिर, आणि बाहेरचं कवच पात्यांसकट फिरतं. कुरकुर करायला उरतात बेअरिंग आणि कंडेन्सर. घरगुती सिंगल फेजवर ही मोटर आपण होऊन उचलत नाही. कंडेन्सर दुसऱ्या वाइंडिंगमधला करंट थोडा पुढेमागे करतो, त्यामुळे चुंबकीय क्षेत्र फिरू लागतं आणि पंखाही. कंडेन्सर थकला की रेग्युलेटर पाचवर असूनही पंखा रेंगाळतो, नाहीतर नुसता गुणगुणत बसतो आणि काठीनं ढकलल्यावर चालू होतो. अशा वेळी लोक ‘मोटर गेली’ म्हणून पंखाच भंगारात देतात, ते बघवत नाही.

जुन्या कंडेन्सरवरचा आकडा बघायचा, बहुतेकदा २.५ (मायक्रोफॅरड) असतो, आणि दुकानात ‘अडीचचा द्या’ म्हणायचं. कंपनी, मॉडेल कोणी विचारत नाही. शंभराच्या आत काम होतं. (वेग वाढावा म्हणून काहीजण ३.१५ चा टाकतात. पंखा पळतो, पण वाइंडिंग तापतं. नसते उद्योग.) स्वतः बदलणार असाल तर आधी मेन बंद करा, आणि कंडेन्सरमध्ये चार्ज राहू शकतो हेही लक्षात ठेवा.

कुकरचंही तसंच. आत पाणी साधारण १२० अंशांपर्यंत तापतं, म्हणून डाळ झटपट शिजते. एवढ्या दाबाचं भांडं रोज, कोणीही, न वाचता-शिकता वापरतं, कारण झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह मुद्दाम कच्चा ठेवलाय. पाणी आटून कुकर तापला की त्यातला मिश्रधातू वितळतो आणि वाफ निघून जाते. रिंग, शिटी, व्हॉल्व्ह, सगळं जांभळी नाक्याला सुटं मिळतं. फक्त जुनी रिंग सोबत न्या, मापात गोंधळ होतो.

आता दुसरी बाजू. नवा बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटरचा, सर्किट बोर्डवर चालणारा) पंखा २८ ते ३५ वॉट घेतो, जुना सत्तर-पंचाहत्तर. रोज बारा तास चालला तर महिन्याला सोळा-एक युनिट वाचतात. ठाण्यात पंखा बाराही महिने लागतो, तेव्हा हा आकडा सोडण्यासारखा नाही. बेडरूममध्ये आम्हीही तोच लावलाय. पण त्याचं सर्किट बोर्ड गेलं, तर नाक्यावरचा इलेक्ट्रिशियन हात वर करतो. त्याच कंपनीचं, त्याच मॉडेलचं बोर्ड हवं.

म्हणून घेताना दुकानदाराला वॉटच्या आधी हे विचारा: बोर्ड सुटं मिळतं का, कितीला, आणि रिमोट हरवला तर भिंतीवरच्या बटणावरून वेग बदलता येतो का. शेवटच्या प्रश्नाला काही मॉडेलांत उत्तर ‘हो’ आहे. तीच घ्या.