तान्ह्या मेंदूतील वाटा

प्रश्न : आमची नात ३२व्या आठवड्यात जन्मली. तिच्या एमआरआयसोबत ‘डिफ्यूजन’ तपासणीही करायची आहे, असे डॉक्टर म्हणाले. तिच्यातून काय कळते? — एक आजी, धंतोली, नागपूर

उत्तर : आजी, ही तपासणी मेंदूतील पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजते. समईच्या वातीत तेल जसे धाग्यांच्या लांबीने चढते, तसे मज्जातंतूंच्या जुडग्यात पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकते, आडवे जाताना अडते. या फरकावरून संगणक तंतूंच्या वाटा रंगीत रेषांनी रेखाटतो. तान्ह्या मेंदूत पाणी अधिक आणि तंतूंवरचे मायलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण अपुरे असल्यामुळे हा फरक आधी क्षीण असतो व आठवड्यागणिक वाढतो. हालचालींचे संदेश नेणारे तंतू लवकर पक्व होतात, कपाळामागच्या भागांतील जोडण्या मात्र कित्येक वर्षे घडत राहतात. बाळांच्या मेंदूतील जोडण्यांचा अभ्यास करणाऱ्या लंडनमधील ‘डेव्हलपिंग ह्यूमन कनेक्टोम प्रोजेक्ट’ने शेकडो अर्भकांच्या अशा प्रतिमा अभ्यासकांना खुल्या केल्या आहेत.

तरीही त्या रंगीत रेषा तंतूंचे छायाचित्र नव्हेत, गणिताने बांधलेला अंदाज आहेत. एवढ्यावरून नातीचे भविष्य कोणी ठरवू नये, हे आग्रहाने सांगतो. यात क्ष-किरण नसतात. बहुधा बाळाला दूध पाजून, दुपट्यात गुंडाळून, कान झाकून झोपेतच तपासतात.