आईची लुगडी आणि सात वर्षं न शिवलेली वाकळ

प्रश्न : अक्का, मी सांगलीच्या गावभागात राहते, वय ५३. आई २०१८ ला गेली, तिची नऊवारी लुगडी मी ट्रंक भरून घरी आणली. त्यांची वाकळ शिवायचं तेव्हाच ठरवलं होतं. मोबाइलवर पॅचवर्कचे शेकडो नमुने साठवलेत, फिरत्या पात्याचा कटर आणि खाली घ्यायची मॅटसुद्धा मागवली. पण होतं काय, लुगडी पलंगावर मांडते, वरचं कुठलं, कडेला कुठलं हे ठरत नाही, मग पुन्हा घड्या घालून ठेवून देते. २०१९ च्या पुरात घरात पाणी आलं, ट्रंक माळ्यावर होती म्हणून वाचली. पुरातून राहिलेल्या कापडाला आता मीच कात्री लावू? त्यात भावजय मागं एकदा म्हणाली होती, "एवढी लुगडी एकटीनं काय करणार?" लेकीला दिवाळीच्या सुमारास बाळ होईल. नवरा म्हणतो, "तुझी वाकळ नातवाच्या लग्नात निघणार." मी इतकी चालढकल का करते?

उत्तर : अक्का म्हणालीस, तेव्हा सरळ एकेरीवर येते.

नवऱ्याचं बोलणं सोडून दे. ज्यांनी आयुष्यात सुईत दोरा ओवला नाही त्यांना असले विनोद पटकन सुचतात.

तू आळशी नाहीस. आळशी बाई सात वर्षं लुगडी मांडून पुन्हा घड्या घालत बसत नाही. तुला वाटतं नमुना ठरत नाही म्हणून अडलंय, पण पत्रात आलेल्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. एकदा कात्री आली आणि एकदा भावजय. नमुने तू शोधत राहिलीस कारण शोधत असताना कापावं लागत नाही आणि तिला फोनही करावा लागत नाही.

आधी कात्रीचं बघू. पॅचवर्क ही चांगली कला आहे, पण तुकडे कापून, मापं जुळवून मग शिवायची. आपल्याकडची वाकळ थरांची असते. ठिगळं लागतात ती विरलेल्या जागी, नाहीतर परकर-पोलक्यातून उरलेल्या चिंध्या हाताशी असतात म्हणून. नऊवार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याची लांबीत चौपदरी घडी घातलीस की दोन मीटर लांबीचे चार थर झाले, आणि पन्हा सव्वा मीटरच्या आतबाहेर असतोच. एका माणसाची वाकळ एका लुगड्यात बसली, आणि काहीही कापलं नाही. कटर हवा त्याला देऊन टाक.

आता ट्रंक उघड आणि लुगडी पलंगावर न मांडता एकेक उलगडून उजेडासमोर धर. एखाद्याला तरी मधोमध आडवी शिवण दिसेल. तो दंड. नेसून नेसून मधला भाग विरला की बायका तो फाडून काढायच्या, काठाला काठ जुळवून दोन्ही तुकडे जोडायच्या आणि तेच लुगडं पुन्हा नेसायच्या. त्या शिवणीवर बोट फिरव. लुगडं फाडून पुढं वापरायची रीत तुझ्या आईच्या हातचीच आहे, तू काही नवं पाप करायला निघालेली नाहीस.

पहिली वाकळ त्याच दंडाच्या लुगड्याची, आणि ती बाळासाठी. मोठी वाकळ नंतर. मीटरभर चौकोनी दुपट्याला अर्धं लुगडं पुरतं, चार थर होतात. दंडाची शिवण उसवलीस की अर्धं आपोआप हातात येतं. वापरून मऊ झालेलं सूत तान्ह्याच्या अंगाखाली अंथरायला बरं. मनातलं सगळ्यात आवडतं लुगडं आत्ता बाहेर काढूच नकोस.

इरकल असेल तर एक बघ. अंग सुती असलं तरी काठ-पदर बहुतेक रेशमी किंवा आर्टसिल्कचे असतात. ते धुतल्यावर सुतासारखे आटत नाहीत, मग वाकळीला चुण्या पडतात, सुईही अडते. काठ अंगासोबतच विणलेले असतात, ते तेवढे कापून वेगळे ठेव, मोठ्या वाकळीच्या कडेला शोभतील. लाल पदरावर ओला पांढरा रुमाल दाबून बघ. रुमाल रंगला तर ते कापड बाळाच्या वाकळीत नको. आणि सगळं आधी एकदा धुऊन कडक वाळव.

मग फरशीवर थर पसर, चारी कोपऱ्यांवर तांबे ठेव, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढ आणि लांब लांब कच्चे टाके घाल. पुढं कडेपासून आत धावदोरा, दोन रांगांत दोन बोटांचं अंतर. दोरा हातभरच घे, लांब घेतला की गुंता होतो आणि तुझ्यासारखीला सोडून द्यायला तेवढं कारण पुरतं. टाके वाकडे पडतील. पडू देत, उसवत बसू नकोस. वरचा थर कुठला हा प्रश्न इथं येतच नाही, कारण चारही थर एकाच लुगड्याचे.

भावजयीचं मात्र टाळू नकोस. तिचं ते वाक्य तू टोमणा म्हणून धरून बसलीस. असेलही टोमणा. पण सासूचं एखादं लुगडं आपल्यालाही मिळावं असं तिला वाटत असेल, आणि नणंदेकडं तोंड उघडून मागायचं कसं, हेही असेल. फोन कर आणि म्हण, "वहिनी, आईची लुगडी काढलीत, तुम्हाला हवं ते आधी निवडा." तिनं नेमकं तुझ्या आवडीचं उचललं तर वाईट वाटेल, ते वाटू दे. तिचं तिला देऊन जे उरेल ते निर्धास्त तुझं, आणि मोठ्या वाकळीचा निम्मा निर्णय त्यातच होऊन जाईल.

ती मोठी पुढच्या उन्हाळ्यात गच्चीवर काढ. तेव्हा बसणं जमलं नाही तर वाकळा शिवून देणारी एखादी बाई तुझ्या ओळखीत निघेलच, तिला दे. त्यात कमीपणा नाही. बाळाची मात्र स्वतः शीव, आणि घटस्थापनेआधी घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं धुवायला काढशील तेव्हा तीही त्यातच पिळून वाळत घाल. धुतल्यावर कुठला टाका सुटला ते दिसेल, आणि दुरुस्तीला दिवाळीपर्यंत दिवस राहतील.

वहिनींना फोन दंड उसवण्याआधी कर, नंतर नको.