कानाचं मशीन आणि तबल्याची थाप

प्रश्न: आम्ही नागपूरला, धरमपेठला राहतो. बाबांना कानाचं मशीन आहे, मुलगा ऑटिस्टिक आहे, गाणं दोघांनाही जीव की प्राण, पण मैफलीला न्यायचं म्हटलं की भीतीच वाटते. काय करावं?

उत्तर: न्याच! देशपांडे सभागृह असो की रेशीमबागचं सुरेश भट सभागृह, आयोजकांना आधी फोन करा आणि मुलासाठी दाराजवळची कडेची खुर्ची मागा, म्हणजे द्रुतमध्ये, म्हणजे जलद लयीत, तबला चढला किंवा टाळ्यांचा कडकडाट झाला की बाहेर येता येतं, आणि परत आत येताना कोणी अडवायचं नाही हेही तेव्हाच सांगून ठेवा. आवाज कमी करणारे हेडफोन सोबत ठेवा. विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल हळूहळू चढतो, म्हणून सुरुवातीचा भाग त्याला सोपा जाईल असं मला वाटतं.

बाबांचं मशीन बहुतेक बोलणं ऐकायला सेट केलेलं असेल, त्यात गाणं कर्कश लागू शकतं. ऑडिओलॉजिस्टकडून म्युझिक प्रोग्राम टाकून घ्या, टेलिकॉइल (मशीनमधली सिग्नल पकडणारी छोटी कॉइल) आहे का तेही विचारा, कारण हॉलमध्ये इंडक्शन लूप (तो सिग्नल पाठवणारी तार) असला तर माइकचा आवाज थेट मशीनमध्ये येतो. लूप नसेल तर पुढे, गायकाचा चेहरा दिसेल असं बसवा.

आणि मागायला संकोच नको, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांस्कृतिक जीवनाचा हक्क स्पष्ट दिलाय.