दहा-दहा की सव्वानऊ? स्टिअरिंगवरचे हात आणि एअरबॅग

या वेळी आलेली बहुतेक पत्रे एकाच विषयावरची आहेत : स्टिअरिंगच्या मधोमध घडी घालून ठेवलेली एअरबॅग आणि तिच्या आसपास वावरणारे आपले हात. त्यांतले निवडक प्रश्न येथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी गाडी शिकलो त्याला तीस वर्षे झाली. हात घड्याळाच्या काट्यांप्रमाणे दहा वाजून दहा मिनिटांवर ठेवायचे, असे तेव्हा सांगत. आता माझी मुलगी शिकते आहे आणि तिला सव्वानऊचे हात शिकवले आहेत. बरोबर कोण?

उत्तर : तुम्हाला शिकवणाऱ्यांचे चुकले नव्हते, पण आजच्या गाडीत मुलीची पद्धत उचलावी. पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाड्यांचे चाक मोठे आणि जड असे. ते वळवायला खांद्याचा जोर लागे आणि तो जोर हात वर असले की चांगला मिळे. आता चाक दोन बोटांनीही फिरते, त्यामुळे हात वर ठेवण्याचे ते कारण उरले नाही.

दुसरा बदल एअरबॅगचा. जॉन हेट्रिक या अमेरिकी अभियंत्याला तिचे पेटंट 1953 मध्ये मिळाले, 1970 च्या दशकात ती काही गाड्यांत आली आणि पुढे ती सर्रास बसू लागली. हॉर्नची गादी म्हणून आपण जी दाबतो, तिच्या आतल्या बाजूने प्लास्टिक ठरावीक रेषांवर मुद्दाम पातळ केलेले असते. समोरून जोराची धडक बसली की त्या रेषांवर झाकण फाटून पाकळ्यांसारखे उघडते आणि सुमारे 30 मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायला लागतो त्याच्या निम्म्याहूनही कमी वेळात, पिशवी फुगते. बाहेर येताना तिचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या घरात जाऊ शकतो. त्या क्षणी जे काही तिच्या वाटेत असेल ते फेकले जाते. हात दहा-दहावर असले की मनगटे आणि हातांचे कोपरापुढचे भाग त्या झाकणाच्या वरच्या अंगाला येतात. पिशवी त्यांना उचलते आणि पंजे किंवा मनगटावरचे घड्याळ थेट चेहऱ्यावर आदळू शकते. सव्वानऊला हात पिशवीच्या दोन्ही कडांना राहतात आणि ती त्यांच्यामधून वाट काढते.

ताबा हेही या पद्धतीच्या बाजूचे कारण आहे, आणि माझ्या मते ते तितकेच वजनदार आहे. समोर अचानक काही आले, तर सव्वानऊच्या हातांनी पकड न बदलता चाक कोणत्याही बाजूला पाव फेऱ्याहून अधिक वळवता येते. आठ वाजून वीस मिनिटांची पकड काही जण सुचवतात. ती पिशवीच्या दृष्टीने ठीक आहे आणि लांबच्या प्रवासात खांद्यांना आराम देते, परंतु झटकन वळवायचे झाल्यास ती कमी पडते. मी स्वतः सव्वानऊच शिकवतो. अंगठे चाकाच्या आऱ्यांमध्ये अडकवू नयेत, कड्यावर सरळ टेकवून ठेवावेत.

प्रश्न : माझी उंची कमी आहे. पाय पेडलपर्यंत पोहोचावेत म्हणून सीट अगदी पुढे घ्यावी लागते. एअरबॅगपासून मला धोका आहे का?

उत्तर : हा प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले, कारण हात कुठे ठेवता यापेक्षा छाती कुठे आहे हे अधिक महत्त्वाचे आहे. पिशवी बाहेर पडतानाचे पहिले 5 ते 8 सेंटिमीटर सर्वांत घातक असतात. तिथे तिचा धक्का सर्वांत मोठा असतो. म्हणून छातीच्या मधल्या हाडापासून हॉर्नच्या गादीपर्यंत किमान 25 सेंटिमीटर अंतर असावे, अशी अमेरिकेतील राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाची शिफारस आहे. मोजायला टेप नको. छपाईचा साधा ए-फोर कागद लांबीने 29.7 सेंटिमीटर असतो. नेहमीसारखे बसा, पाठ टेकवा आणि तो कागद लांबीने छाती आणि गादी यांच्यामध्ये आडवा धरा. तो न वाकता मावला, तर अंतर पुरेसे आहे. वाकला, तर पुढील गोष्टी याच क्रमाने करून पाहा.

क्लच आणि ब्रेक तळापर्यंत दाबता येतील, गुडघा किंचित वाकलेला राहील, इतपत सीट मागे न्या. मग पाठ थोडी मागे कलवा. बरेचदा सीट न हलवताही पाच-सहा सेंटिमीटर एवढ्यानेच मिळतात. रस्ता दिसेनासा झाला, तर सीटची उंची वाढवा. चाक आत-बाहेर सरकत असेल तर ते आत ढकला आणि खाली कलवा, म्हणजे गादीचा रोख हनुवटीकडे न राहता छातीकडे राहील. पाठीमागे उशी ठेवण्याचा मोह मात्र टाळा, कारण ती तुम्हाला पुढे ढकलते आणि मोठ्या कष्टाने मिळवलेले अंतर खाऊन टाकते. एवढे करूनही 25 सेंटिमीटर जमत नसतील, तर पेडलला जोड बसवता येतो; पण तो जाणकाराकडूनच बसवून घ्यावा, कारण सैल जोड ब्रेकखाली अडकू शकतो.

आणि सीटबेल्ट. तो नसेल तर वरचे सगळे मोजमाप वाया जाते : धडकेच्या आधी जोरात ब्रेक लागतो, शरीर पुढे झुकते आणि पिशवी फुटते त्या वेळी छाती गादीला जवळजवळ टेकलेली असते. एअरबॅगच्या झाकणावर 'एसआरएस' ही अक्षरे असतात; त्यांतील पहिल्या अक्षराचा अर्थच 'पूरक' असा आहे. ती बेल्टला पूरक आहे.

प्रश्न : मी सहा महिन्यांची गरोदर आहे. गाडी चालवताना एअरबॅग बंद करून घ्यावी का?

उत्तर : नाही, चालू राहू द्या. बेल्टची कमरेची पट्टी पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवरून घ्या, आणि खांद्याची पट्टी छातीच्या मधून पोटाच्या बाजूने जाऊ द्या. सीट शक्य तितकी मागे ठेवा. चाक पोटाकडे रोखलेले नसावे. पोट वाढेल तसे अंतर दर दोन आठवड्यांनी पुन्हा पाहा, आणि चाक पोटाला लागू लागले की गाडी दुसऱ्या कोणाला तरी चालवू द्या.

प्रश्न : वळताना हातावरून हात नेण्याची मला सवय आहे. आमचे शिक्षक त्यावरून ओरडतात. एवढे बिघडते कुठे?

उत्तर : वेगात असताना बिघडते. हात एकमेकांवरून गेले की एका हाताचा कोपरापुढचा भाग काही काळ थेट गादीसमोर आडवा असतो, आणि त्याच क्षणी धडक झाली तर तो मोडू शकतो. त्याऐवजी ओढ-ढकल पद्धत अंगवळणी पाडा : डावीकडे वळायचे असेल तर डावा हात वर नेऊन चाक खाली ओढा, उजवा हात चाक सैल सोडून समांतर खाली सरकू द्या, मग उजव्याने पकडून वर ढकला. कोणताही हात चाकाच्या मधल्या उभ्या रेषेपलीकडे जात नाही. पहिले आठ-दहा दिवस अवघडल्यासारखे होईल, पुढे हात आपोआप फिरू लागतात. पार्किंगमध्ये, माणसाच्या चालीने गाडी सरकत असताना, हातावरून हात गेला तरी मी कोणाला टोकत नाही.

याहून वाईट सवय म्हणजे तळवा वर करून कड्याच्या आतून चाक धरणे. वळणावर जोर मिळतो म्हणून अनेक जण असे करतात, पण त्यात हात गादीसमोर येतो आणि सहज बाहेरही काढता येत नाही. ही सवय आजच सोडावी. हॉर्नवर तळवा ठेवून चालवणेही तसेच. हॉर्न वाजवला की हात परत कड्यावर यायला हवा.

प्रश्न : एअरबॅगचा दिवा सतत लागलेला असतो आणि वळताना कधी कधी हॉर्न वाजत नाही. मेकॅनिक म्हणतो, दिवा काढून टाकू.

उत्तर : काढू देऊ नका. दोन्ही लक्षणे एकत्र असतील तर संशय क्लॉक स्प्रिंगवर जातो. चाक फिरते आणि त्याच्यामागचा दांड्याचा भाग स्थिर असतो. त्या दोहोंमध्ये वीज पोहोचवणारी चपटी फीत गुंडाळी करून ठेवलेली असते, तीच ही स्प्रिंग. हॉर्न आणि एअरबॅग या दोन्हींच्या तारा तिच्यातून जातात. ती तुटली की धडकेचा निरोप पिशवीपर्यंत पोहोचतच नाही, म्हणजे झाकणामागे पिशवी असूनही नसल्यासारखी. गाडी सुरू करताना हा दिवा काही सेकंद लागून विझायला हवा. तो विझत नसेल किंवा मुळी लागतच नसेल, तरी यंत्रणा तपासून घ्यावी. हे काम घरी करू नये. बॅटरी काढल्यावरही यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते आणि पिशवी अचानक फुटू शकते.

प्रश्न : चाकाच्या मधल्या भागावर धातूचे शोभेचे चिन्ह चिकटवले आहे. चालेल ना?

उत्तर : चालणार नाही. झाकण फाटेल तेव्हा ते चिन्ह गोळीसारखे तुमच्याकडे येईल. कड्यावरचे कव्हर चालते, मात्र ते घट्ट बसलेले असावे आणि गादीवर येऊ नये.

प्रश्न : किरकोळ वाटणाऱ्या धडकेत माझी एअरबॅग फुटली. गाडीत धूर झाला आणि हातांवर लाल चट्टे उठले. पिशवी सदोष होती का?

उत्तर : एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. बेल्ट लावलेला असेल तर साधारणपणे ताशी 26 किलोमीटरने भक्कम भिंतीवर आदळण्याइतक्या धडकेला पिशवी फुटते, आणि आतून तो वेग किरकोळच भासतो. धूर वाटला त्यात बरीचशी घडीतली भुकटी आणि वायू तयार करणाऱ्या रसायनाचे अवशेष असतात. पिशवीच्या मागच्या बाजूच्या भोकांतून गरम वायू बाहेर पडतो. कापडाच्या घर्षणाने आणि त्या वायूने हातांवर असे चट्टे येतात. पुन्हा असे झाले तर इंजिन बंद करा, दारे उघडून बाहेर या, डोळे चोळू नका, हात आणि चेहरा भरपूर पाण्याने धुवा. श्वास लागत असेल किंवा मनगट हलवताना कळ येत असेल, तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. फुटलेली पिशवी पुन्हा घडी घालून बसवता येत नाही. नवीन पिशवी बसवताना क्लॉक स्प्रिंग, धडक ओळखणारे सेन्सर आणि बेल्ट आवळणारी यंत्रणा तपासली का, हे गॅरेजमध्ये नाव घेऊन विचारा आणि बदललेल्या भागांची यादी लेखी घ्या.